डोळे उघडे ठेवायची परीक्षा

अंधारात कामाला येणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत: डोळे मीट. उघडे ठेवलेस तर ते उगाच उजेड शोधत बसतात, डोकं गरगरतं आणि हातांना काही सुचत नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला कॅमेऱ्याच्या फिल्मच्या कारखान्यात मला हे कॅझने शिकवलं. कॅझ म्हणजे कॅझिमिर वोल्स्की, कापणीच्या यंत्रावरचा. तो फिल्मचं रीळ कापून माझ्या हातात द्यायचा आणि मी ते डब्यात बंद करायची. उजेडाची तिरीप आत आली तरी माल नासायचा, त्यामुळे आमची सगळी नोकरी काळोखात गेली. त्याचा चेहरा मला फक्त जेवणाच्या सुट्टीत दिसायचा, आणि तेव्हा आम्ही दोघंही बुजायचो. आत मात्र आमच्या गप्पांना खळ नसे.

पुढे लोकांनी फिल्म वापरणंच सोडलं आणि कारखाना बंद झाला. या शहरात आता दोनच धंदे तेजीत आहेत, आजारपण आणि म्हातारपण. आमच्यासारख्यांसाठी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांची सेवा शिकवणारा वर्ग निघाला. शिकवणाऱ्या व्हिटलोबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. जुन्या कामातलं काही ना काही नव्या कामात नेता येतंच, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाने आपापलं सांगायचं होतं. कोणी म्हणालं वक्तशीरपणा, कोणी म्हणालं सगळ्यांशी जुळवून घेणं. कॅझ उठून म्हणाला, "मला डोळे मिटून काम करता येतं."

वर्ग खो खो हसला. तो गंमत करत नव्हता हे फक्त मला कळलं आणि मला त्या सगळ्यांचा राग आला.

वृद्धाश्रमात सेवकाची जागा मिळवायची तर सरकारी परीक्षा असते. तीनदाच बसता येतं. कॅझ दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा कारण एकच. काम नाजूक आलं की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. म्हाताऱ्या माणसाला कुठे दुखतंय, कातडी कुठे सोलवटली आहे, हे बघत बघतच सगळं करायचं असतं. परीक्षकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी वर्गात उशिरा नाव घातलं होतं, म्हणून माझी पहिली परीक्षा आणि त्याची शेवटची एकाच दिवशी आली.

याही वेळी नापास झाला तर घर विकून त्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फिनिक्सला लेकीकडे जावं लागणार होतं. हेलनने तिकडे त्याच्यासाठी खोली रंगवूनही ठेवली होती. पोरगी गुणाची आहे, पण मला तिचं नाव काढलेलं खपत नसे. कॅझने जाऊ नये एवढंच मला हवं होतं. हे मी कोणाजवळ बोलले नाही. या वयात बोलणार तरी कशी?

बोलता येत नव्हतं म्हणून मी त्याला कामाला जुंपलं. माझ्या स्वयंपाकघरात रबरी हातमोज्यात तांदूळ भरून त्याचा हात केला आणि कॅझला तो धुवायला लावला.

"झोपलास का रे?" मी ओरडायची.

"तांदळाला काय दुखणार आहे, नन्झी?"

"त्याला तोंड असतं तर म्हणाला असता, माझ्याकडे बघ मेल्या."

हळूहळू त्याचे डोळे उघडे राहू लागले. मग मी शेजारच्या डोमिनिकला तळलेल्या माशाचं आमिष दाखवून खुर्चीत बसवला. कॅझने त्याचे दोन्ही हात धुतले, नखं साफ केली आणि पूर्ण वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मासा कधी मिळणार, असं डोमिनिकने दोनदा विचारलं. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. माझा हात धू, असं मात्र मी म्हटलं नाही. लाज वाटली.

परीक्षेत उमेदवारच एकमेकांचे रुग्ण होतात. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा कॅझला काम आलं हात धुण्याचं, आणि त्याची रुग्ण निघाले मी. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता हा सुटला. समोर आपलं माणूस असलं की धीर येतो.

खाटेवर मी पडून राहिले. रुग्णाने काही सुचवायचं नाही, हाताने खूणही करायची नाही, असा नियम. कॅझने आपलं नाव सांगितलं, पाणी कोमट आहे का ते मनगटावर पाहिलं, मला विचारलं. डोळे टक्क उघडे होते. मग त्याने माझा हात हातात घेतला.

त्याचे डोळे मिटले.

इतकं हळुवार कोणी माझा हात धुतला नव्हता. एकेक बोट, एकेक पेर. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की ते मला बघवेना. कॅझ, डोळे उघड, असं मी मनात किंचाळत होते. परीक्षक बाईंनी टाचण केलं आणि मान खाली घातली. त्याने हात कोरडा करून अलगद चादरीवर ठेवला, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. काय झालं ते त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं.

बाहेर गाड्यांवर बर्फ साचला होता. तो माझ्या गाडीची काच खरवडायला लागला. मला संताप आवरेना.

"डोमिनिकच्या वेळी जमलं होतं ना तुला? मग आज काय झालं?"

त्याने मागची काच खरवडायला घेतली.

"तो डोमिनिकचा हात होता," तो म्हणाला. "तुझा हात हातात आला आणि वाटलं, आपण कामावर आहोत."

मी पास झाले. एप्रिलमध्ये हेलन त्याला न्यायला आली. तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या खाटेवर दुसरं कोणीही असतं, तर तो पास झाला असता आणि इथेच राहिला असता.