पाहुण्यांच्या पायाशी टोपी

मी एक टोपी बोलतेय. डोक्यावर मिरवायचं माझं काम, पण सध्या पाहुण्यांच्या पायाशी पडून आहे. इथवर कशी आले ते थोडक्यात सांगते, कारण वेळ कमी आहे.

माझा जन्म अंबडचा. प्रियाच्या कॉलेजात जपानच्या जुन्या दरबाराचं नाटक बसत होतं आणि ती त्यात नर्तकी होती. तिकडे म्हणे या बायका पुरुषी वेश करून, उंच काळी टोपी घालून नाचत. टोपीसाठी आजी मालनबाईने आजोबांच्या छातीचे जुने एक्स-रे पेटीतून काढून दिले, त्या काळ्या फिल्मचीच मी बनले. म्हातारा हयातभर जलशात रमला होता. मला उजेडापुढे धरलं की अजून त्याच्या बरगड्या दिसतात.

नाटकात सरदार नर्तकीला बोलावून नाचायला लावतो आणि मध्येच म्हणतो, "बस." ती टोपी काढते, त्याच्या पायाशी ठेवते आणि निघून जाते. पुन्हा कुणाला दिसत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र तेव्हापासून धाकधूक आहे. नाटक संपल्यावर मी आतल्या खोलीत खुंटीवर गेले, प्रियाच्या बॅगेशेजारी.

आज नवीन जालन्याहून राजानंद आपल्या सूरजसाठी मुलगी बघायला आले. जयभीम झाला, पोहे झाले. प्रियाला अजून शिकायचंय, नाचायचंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिला विचारलं कुणीच नाही.

"मोबाइलवर नाच बघितला पोरीचा," राजानंद म्हणाले. "आता समोर होऊन जाऊ द्या."

"तिच्या मनात न्हाई दिसत," मालनबाई पुटपुटली.

"जल्दी कर बाई, पाहुणे थांबलेत," आई रूपाली प्रियाला म्हणाली.

प्रिया आत आली. तिने मला खुंटीवरून काढलं. मग बॅगही काढली आणि मागच्या दाराशी ठेवली. मला डोक्यावर चढवलं. बाहेर येऊन ती नाचली, अगदी नाटकातल्यासारखी.

"बस," राजानंद म्हणाले. "पोरगी पसंत हाये. फक्त ह्यो नाद हितंच सोडून यायचा."

'बस' हा तर नाटकातल्या सरदाराचाच शब्द. प्रियाने मला डोक्यावरून काढलं, वाकून त्यांच्या पायाशी ठेवलं आणि पडद्याआड गेली.

"पाया पडली बघा. मंग होकारच समजायचा," राजानंद खुशीत म्हणाले.

अहो, ती पाया पडली नाही. तुम्ही मोबाइलवर नाच तेवढा पाहिलात, शेवट कुठे पाहिलात?

आत मागच्या दाराची कडी वाजली. मी ऐकली आणि मालनबाईने ऐकली. म्हातारीने डोळे मिटून घेतले, पण हाक मारली नाही.

बैठकीत साखर वाटून झाली आहे. आता रूपाली हसत हसत वाटी घेऊन आतल्या खोलीकडे निघाली आहे. बाई, जरा सावकाश जा. पडदा सारेपर्यंत तरी तुझ्यापुरती लेक घरात आहे.