पायाची बोटं हलवा

"डोळे मिटा, मास्तर. चोरून बघायचं नाही," असं म्हणत सिल्वी सरांच्या अनवाणी पायांसमोर स्टूल ओढून बसली.

आतोस किन्नुनेन सरांनी डोळे मिटले. आरोग्य केंद्राच्या त्या खोलीत मधुमेह असलेली म्हातारी माणसं जोड्या करून एकमेकांचे पाय तपासत होती. गेल्या आठवड्यात आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या कॉफीबरोबरच्या गोड पावावर गदा आणली होती. आज परिचारिका रीक्काने सगळ्यांना मोजे काढायला लावले होते. जोडीदाराने पायाच्या बोटाला अलगद बोट टेकवायचं, आणि जाणवलं की डोळे मिटलेल्याने 'हो' म्हणायचं.

"काय ही नखं! कोंबडीसुद्धा लाजेल," सिल्वी पुटपुटली.

"तू तपास. वर्णन नको."

सिल्वी वाकली की स्टूल करकरायचं. सरांनी कान तिकडेच लावले होते.

करकर. "हो." करकर. "हो."

"घ्या, मास्तर पास," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांना पास केलंत, आज स्वतः झालात."

सर हसले. गुरुवारी स्कीचे बूट काढले तेव्हा उजवा मोजा रक्ताने चिकटलेला होता. जुन्या बुटाच्या तळातून खिळा वर आला होता. तळ्याला अख्खा फेरा मारून होईपर्यंत तो अंगठ्यात रुतत राहिला आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी पकडीने खिळा उपटला, जखमेवर पट्टी लावली आणि कुणालाही सांगितलं नाही. आज सकाळी पट्टीही काढून टाकली. जखम तळव्याच्या बाजूला होती. पाय जमिनीवर टेकला की दिसत नसे.

निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी दर शनिवारी शाळेतली लहान मुलं गोठलेल्या तळ्यावर स्की करायला त्यांच्याबरोबर यायची. ज्या माणसाला स्वतःचे पाय कळत नाहीत, त्याच्या ताब्यात मुलं कोण देईल? आणि शनिवार गेला तर एवढ्या लांब हिवाळ्यात उरायचं काय?

"सर, एकदा मीही बघते," रीक्का म्हणाली. ती त्यांचीच विद्यार्थिनी. ती स्टुलावर न बसता खाली फरशीवर बसली.

सरांनी पुन्हा डोळे मिटले. काहीच ऐकू येईना. खूप वेळ गेल्यासारखं वाटलं. मग बाहीची थोडी सळसळ झाली.

"हो," सर म्हणाले.

सिल्वीने मान वर करून रीक्काकडे पाहिलं.

"सर," रीक्का हळूच म्हणाली, "मी अजून हात लावलेला नाही."

सरांनी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. एकदा तळ्याकाठच्या खोपटात तेही तिच्यासमोर असेच बसले होते. ती तेव्हा दुसरीत होती. तिच्या पायाची बोटं गारठून बधिर झाली होती, पण सगळे पुढे निघतील म्हणून ती 'जाणवतायत, जाणवतायत' म्हणत होती. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि स्वतःचे हात गुडघ्यांवरच ठेवले. तरी ती 'हो' म्हणाली होती.

"माझीच युक्ती," सर म्हणाले.

"मी तेव्हा रडले होते. तुम्ही रागावला नव्हतात." तिने त्यांचा उजवा पाय उचलून तळवा पाहिला. अंगठ्याखालची जखम दिसली. मग शेजारच्या खोलीतल्या पायांच्या तज्ज्ञ बाईंना तिने हाक मारली. हाक शांत होती, पण बाई धावतच आल्या.

सिल्वीने खाली पडलेला मोजा उचलला आणि सरळ करून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"मला फसवलंत, मास्तर," ती म्हणाली. या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

फेब्रुवारीत अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं.

मार्चमधल्या एका शनिवारी नव्या शिक्षिका मुलांना घेऊन तळ्यावर गेल्या. सर खोपटातल्या चुलीपाशी बसले होते, उजव्या पायात लोकरीच्या नमद्याचा रुंद जोडा घालून. एक छोटी मुलगी लंगडत आत आली.

"बोटं जाणवतायत?" सरांनी विचारलं.

"हो."

"डोळे मीट. आता धरलंय का मी?"

"हो."

सरांचे हात स्वतःच्या गुडघ्यांवरच होते. त्यांनी तिचा बूट काढला, मोजा काढला, आणि तिचं पाऊल दोन्ही तळव्यांमध्ये घेतलं. पाऊल बर्फासारखं होतं. त्यांच्या हातांना अजून सगळं कळत होतं. बाहेर मुलांच्या हाका लांब जात राहिल्या. बऱ्याच वेळाने मुलीने ओठ चावला.

"दुखतंय, सर."

"दुखतंय ना?" सर म्हणाले, आणि पाऊल तसंच धरून बसले. "दुखू दे."