दोघांनी घासलेला बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. एका दवाखान्याच्या मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीशेजारी मला ठेवलंय. माझ्यावर औषधांची रिकामी खोकी रचलेली असतात आणि दुपारी एक मांजर त्या खोक्यांवर झोपतं. पुढच्या खोलीत माझ्या जागी आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. त्या पुसायला सोप्या पडतात म्हणे. मला याचं वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर फारसं काही वाटत नाही. लाकूड एकदा सुकवलं की त्याचं वाटणंही हळूहळू सुकत जातं.

त्याआधी मी झाड होतो. रानातलं नव्हे, शहरातलं. एका वळणावर, फुटपाथच्या कडेला उभा होतो. शहरातल्या झाडाला कुणी विचारत नाही आणि कुणी सोडतही नाही. ज्याला पाटी लावायची असेल तो माझ्यात खिळा ठोकून जायचा. शिकवणीच्या जाहिराती, हरवलेल्या कुत्र्याचं चित्र, 'येथे गाडी लावू नये'. पाट्या गळून पडल्या, खिळे मी गिळले. विजेच्या तारा आडव्या आल्या तसा मी बाजूला झुकलो, माझ्या खोडाला बाक आला आणि त्या बाकासकट मी मोठा झालो. पुढे माझ्या मुळांनी फुटपाथच्या फरशा उचलल्या. एक आजीबाई त्यांना अडखळून पडल्या आणि माझे दिवस भरले.

मला पाडायला मुकादम आले. उद्यान खात्यात त्यांचा सगळा जन्म झाडं उतरवण्यात गेला होता. त्यांनी माझ्या बुंध्यावर एक थाप मारली, दोरखंड बांधून घेतले आणि मशीनची करवत सुरू केली. ती करवत धरणाऱ्याचा हात खांद्यापर्यंत थरथरतो. ही थरथर त्यांनी तरुणपणापासून रोज हातात धरली होती. मला दुखलं का? दुखलं असेल. आता आठवत नाही. मी आडवा झाल्यावर त्यांनी कापलेल्या भागावर बाटलीतलं पाणी ओतलं, ओल्या लाकडातल्या रेषा बघितल्या आणि फोन लावला.

"खोडकर, एक चांगलं खोड आहे. उद्या तुकडे होऊन चुलीत जाईल. नेतेस का?"

खोडकर म्हणजे त्यांची मुलगी. शहरात पाडलेल्या झाडांची खोडं गोळा करून ती त्यांचं फर्निचर घडवायची, म्हणून बापाने तिला हे नाव ठेवलं होतं. लहानपणी ती या नावाला जास्तच शोभायची, असं ते सांगत.

ती मला टेम्पोत घालून वखारीत घेऊन गेली. वखारवाल्याने मला बघताच हात जोडले. "ताई, शहरातलं झाड म्हणजे खिळ्यांचं पोतं. माझ्या पात्याचे दात पडले तर तुझे काढून लावू का?"

"लावा की. माझे पक्के आहेत," ती म्हणाली, आणि धातू शोधणारं यंत्र माझ्यावर फिरवत बसली. यंत्र जिथे किरकिरलं तिथे तिने खडूने खुणा केल्या आणि पकडीने एकेक खिळा उपटून काढला. मग कुठे वखारवाल्याने माझ्या फळ्या पाडून दिल्या. जिथे खिळे होते तिथे लोखंडाने लाकूड निळंकाळं झालं होतं. ते डाग तिने ठेवून दिले. एका गॅरेजच्या मागे तिची पत्र्याची शेड होती. तिथे फळ्यांमध्ये पट्ट्या घालून तिने मला रचून ठेवलं. दोन हिवाळे मी नुसता सुकत पडून होतो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग एका डॉक्टरबाईंनी बाक मागितला. त्या म्हणाल्या, "माझे पेशंट ओळीने बसतात आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहतात. भिंत बघून माणूस आणखी आजारी पडतो. काहीतरी वेगळं कर." खोडकरने शेडच्या जमिनीवर खडूने आकार काढला. पुसला. पुन्हा काढला. शेवटी तिने माझ्या सगळ्यात जाड फळीत उतरलेला खोडाचा बाक तसाच राहू दिला. तारांपासून वाचायला मी ज्या बाजूला झुकलो होतो, तिकडेच बसायची जागा वळवली. त्यामुळे दोन टोकांना बसलेली माणसं मान न वळवता एकमेकांना दिसतात. बघणारे म्हणत, काय डोकं आहे! ती म्हणायची, "माझं नाही, याचंच आहे."

तोवर मुकादम निवृत्त झाले होते. घरी बसून ते भिंतीला कंटाळले आणि भिंत त्यांना. मग डबा घेऊन रोज शेडमध्ये यायला लागले. "मला काहीतरी काम दे," ते म्हणाले. "फुकटचा चहा मी पीत नाही." खोडकरने त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि माझं डावं टोक घासायला सांगितलं.

मित्रांनो, घासायचं काम दिसायला सोपं आहे. पण लाकूड गुळगुळीत झालं की नाही हे डोळ्यांना समजत नाही, ते बोटांना समजतं. आणि मुकादमांच्या बोटांना काही समजत नव्हतं. सकाळच्या गारव्यात त्यांची बोटं खडूसारखी पांढरी पडत. ते काखेत हात दाबून उभे राहात. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरत. एकदा खोडकर म्हणाली, "बाबा, बटणं खालीवर लागलीत."

"फॅशन आहे," ते म्हणाले आणि हात खिशात घातले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती पलीकडे सांधे बसवण्यात गढली की ते इकडेतिकडे बघत, चष्मा काढत, खाली वाकत आणि आपला गाल माझ्यावर टेकवत. डोळे मिटून सावकाश गाल फिरवत. गालाला खरखर लागली की पुन्हा तिथेच घासायचं, पुन्हा गाल लावायचा. पाढे विसरलेलं पोर बाईंच्या नकळत बोटं मोजतं, तसं त्यांचं चाललेलं असे. दाढीचे खुंट वाढलेले असले की गालालाही नीट कळत नसे. तरी ते रोज म्हणायचे, "बघ, आरसा करून ठेवलाय."

"वा, बाबा," खोडकर म्हणायची.

आणि संध्याकाळी ते घरी गेले की ती दार लोटायची, नवा पेपर घ्यायची आणि त्यांनी घासलेला भाग पुन्हा घासायची. आरसा कसला, कुठे खोलगट झालं होतं, कुठे कुसळं तशीच उभी होती. ती कुरकुर करायची नाही. काम संपलं की भुकटी झाडून जमीन स्वच्छ करायची, म्हणजे सकाळी त्यांना दिसू नये. ते तिच्यापासून लपवत होते आणि ती त्यांच्यापासून. तेरी भी चूप, मेरी भी चूप, आणि दोघांचं खोटं माझ्या अंगावर. तिला माहीत होतं की ते सांगितलं तर बाबा घरी बसतील आणि बसतील ते बसतीलच. त्यांनाही हीच धास्ती होती. हात गेले हे एकदा कबूल केलं, तर उरलं काय? त्यांच्याजवळ हातांखेरीज दुसरं काही कधी नव्हतंच.

एका संध्याकाळी ते अर्ध्या वाटेवरून परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं.

"चष्मा विसरला," ते म्हणाले. मग त्यांनी तिच्या हातातला पेपर बघितला. माझ्यावरची भुकटी बघितली. "हा तर माझा भाग. दुपारीच झालाय तो."

"थोडं राहिलं होतं, बाबा."

"रोज राहतं?"

तिने पेपर पाठीमागे नेला.

"विचारतोय मी. रोज राहतं?"

"हो. रोज."

"कधीपासून?"

"तुम्ही यायला लागल्यापासून."

"मग तोंड नव्हतं का तुला? सांगायचं होतंस."

"तुम्ही सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "बाकाला गाल लावून बसता, ते मला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला? बोटांना कळत नाही ना तुमच्या?"

"बोटांना काही झालेलं नाही."

"बाबा, एकदा दाखवून तरी..."

"मला काही होत नाही!" ते ओरडले. "कुंडी आणून ठेवतात तसा बसवलायस मला इथे. शोभेला!"

ते निघून गेले. चष्मा तिथेच राहिला. माझ्यावर करवत चालली, रंधा चालला, तेव्हा मला वाईट असं वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र मला वाईट वाटलं. नंतर तेही बोथट झालं.

ते यायचे थांबले. खोडकर माझ्या उजव्या टोकाला काम करायची, डाव्या टोकाकडे जायची नाही. तिने मेण आणून ठेवलं, पण डबा उघडला नाही. काही दिवसांनी आईचा फोन आला. फोनवरचं मला ऐकू येत नव्हतं, तिचं बोलणं तेवढं येत होतं.

"आई, हळू सांग. कढईचा कान? उघड्या हाताने?... धरूनच ठेवला म्हणजे काय?... मग सोडला कधी?"

फोन ठेवून ती जमिनीवर बसली आणि माझ्या पायाला पाठ टेकली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तरी ती बोलली, "आईला वास आला म्हणून ती धावली. आणि ते तिलाच विचारत होते, काय जळतंय गं?" ती रडली नाही. मग उठून तिने डाव्या टोकाला हात घातला. दोन दिवसांत मला मेण लागलं.

मला पोचवायच्या दिवशी तिने घरी फोन केला. "बाबा, बाक न्यायचाय. हमाल उचलतील, पण दवाखान्याचा जिना अडचणीचा आहे. कुठे वळवायचं ते सांगायला कुणीतरी हवं. येता का?"

ते आले. डाव्या हाताला बँडेज होतं, उजवा खिशात. शर्टाची बटणं त्या दिवशी नीट लागलेली होती. घरी आईने लावून दिली असणार. जिन्यात त्यांनी हमालांना "डावीकडे, थोडं उचल, आता सोड" असं सांगत मला वर नेलं. एकाही भिंतीला मी घासलो नाही. डॉक्टरबाईंनी माझ्यावर हात फिरवला, एका टोकाला बसून बघितलं, दुसऱ्या टोकाला बसून बघितलं. म्हणाल्या, "सुरेख. कुणी घासलाय इतका छान?"

बापलेकीने एकमेकांकडे बघितलं नाही.

"दोघांनी," खोडकर म्हणाली.

डॉक्टरबाई आत गेल्या. हमालही गेले. आता निघायचं, तर खोडकर माझ्या एका टोकाला बसली. मुकादम जरा वेळ उभे राहिले, मग दुसऱ्या टोकाला बसले. मी मुद्दाम तसाच वळलेला, त्यामुळे इच्छा असो वा नसो, दोघांना एकमेकांची तोंडं दिसत होती. तिथल्या नर्सने बँडेजकडे बघून विचारलं, "काका, दाखवायचंय का?"

"छे, मला काही..." ते म्हणाले आणि थांबले.

खोडकरने त्यांचं वाक्य पुरं केलं नाही, आग्रहही केला नाही. ती नुसती बघत होती. मुकादमांनी खिशातला हात बाहेर काढला, आपल्या मांडीवर ठेवला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "मला दाखवायचंय."

माझ्यावर बसलेला पहिला पेशंट म्हणजे तेच. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरबाईंचा आवाज येत होता.

"डोळे मिटा. टोचतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"इथे?"

बाहेर खोडकरने माझी कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"नाही, डॉक्टरबाई," मुकादम म्हणाले. "कितीतरी वर्षं झाली, नाही."

जन्मभर 'मला काही होत नाही' म्हणणारा माणूस आत पहिल्यांदा खरं बोलत होता. खोडकरने मान खाली घातली आणि मग ती रडली, तोंडावर हात दाबून, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यांची बोटं परत आली नाहीत. इतक्या वर्षांच्या करवतीच्या थरथरीने गेलेलं येणार नाही, उरलेलं सांभाळू, असं डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं. थंडीत ते तपासणीला यायचे, लोकरीचे हातमोजे घालून, आणि शेजारच्या पेशंटला सांगायचे, "याला मी पाडला आणि माझ्या लेकीने उभा केला." खोडं बघायला ती आता आपल्याला बरोबर नेते, हेही सांगायचे. पुढे त्यांचं येणं थांबलं. मग दवाखान्याला नवे डॉक्टर आले, नवा रंग लागला, आणि मला मागच्या बोळात आणून ठेवलं. का थांबलं त्यांचं येणं, ते मला कुणी सांगितलं नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी मी फार काही मागत नाही. ओल्या फडक्याने पुसून अधूनमधून मेण चोळलंत तर मी अजून टिकेन, नाही चोळलंत तरी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणीतरी असेल, काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणणारं. त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि त्यांचा हात हातात घेऊन विचारा. पहिल्यांदा ते 'काही नाही' असंच म्हणतील. दुसऱ्यांदा कदाचित रागावतील. तरी उठू नका.