उणे पाच रुपये

तिसऱ्या बाकावरची मुलगी एकच उत्तर तिसऱ्यांदा खोडत होती. कागदाला भोक पडायची वेळ आली होती. पर्यवेक्षणाच्या फेऱ्या मारता मारता बाईंची नजर सहज तिच्या उत्तरपत्रिकेवर गेली. पेनाची किंमत, उणे पाच.

पोरीनं चिन्ह चुकवलं, एवढंच आधी मनात आलं. सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या डोळ्यांना दुसरं काय दिसणार? मग त्यांनी बाकावरची प्रश्नपत्रिका वाचली.

‘पाच वह्या आणि तीन पेन यांची एकूण किंमत १६५ रुपये आहे. तीन वह्या आणि पाच पेन यांची एकूण किंमत ८३ रुपये आहे. तर एका वहीची व एका पेनाची किंमत काढा.’

हा प्रश्न त्यांचाच होता.

खरं तर गणिताच्या पेपरला गणिताच्या शिक्षकांना वर्गात पाठवत नाहीत. पण आज दोन पर्यवेक्षक तापानं आडवे झालेले, म्हणून केंद्र संचालकांनी, ‘बाई, एवढा दिवस सांभाळून घ्या,’ म्हणत त्यांना वर्गात उभं केलं होतं. बाईंनी मंडळासाठी पेपर काढला होता, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. वर्षापूर्वी परीक्षा मंडळानं बाईंना पेपर काढायला बोलावलं, शपथेवर सही घेतली, आणि घरी त्यांनी ‘प्रशिक्षण आहे’ म्हणून वेळ मारून नेली होती. तीन-चार जणांकडून पेपर काढून घेतात, त्यातला एकच निघतो. आपला निघेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांनी मनातल्या मनात दोन्ही समीकरणांची बेरीज केली. आठ वह्या, आठ पेन, २४८. म्हणजे एक वही आणि एक पेन मिळून एकतीस. मग वजाबाकी केली. वही पेनापेक्षा एक्केचाळीस रुपयांनी महाग. दोघांची मिळून किंमत एकतीस आणि नुसता फरकच एक्केचाळीस! दुकानदार काय पेन देऊन वर पाच रुपये हातावर ठेवणार होता?

कुठं चुकलं तेही त्यांना लख्ख आठवलं. मूळ प्रश्नात ‘पाच वह्या तीन पेनांपेक्षा १६५ रुपयांनी महाग’ असं होतं, दुसरं वाक्यही तसंच. काढलेला पेपर तपासणारे मंडळाचे साहेब म्हणाले, “भाषा अवघड होतेय, सरळ ‘एकूण किंमत’ करून टाका.” संध्याकाळ झाली होती, बाईंना घरी निघायचं होतं. त्यांनी शब्द बदलले, आकडे तेच ठेवले. पोरांच्या मागे ‘ताळा करा, ताळा करा’ म्हणून हात धुऊन लागणाऱ्या बाईंनी त्या दिवशी ताळा केला नव्हता. साहेबांनीही न बघता सही ठोकली होती.

“बाई,” मुलगी हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पेनाची किंमत उणे असते का हो?”

बाईंनी पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं. “हे सोड. पुढचं सोडव.”

“पुढचं सुचतच नाहीये. हेच मला येत होतं.”

बाईंनी वर्गभर पाहिलं. सगळी डोकी त्याच पानावर अडकलेली. असे किती वर्ग, किती केंद्रं! पाऊण तास उरला होता. पाणी द्यायला आलेल्या मावशींना त्या म्हणाल्या, “दारात उभ्या राहा, कुणाला तरी पाठवते,” आणि जवळजवळ धावतच कार्यालयात गेल्या.

“सर, पाचवा प्रश्न चुकलाय. मंडळाला कळवा.”

केंद्र संचालकांनी एका शिक्षकाला वर्गावर पिटाळलं आणि कपाळाला हात लावला. “अहो, उद्या बोंब होईलच, मंडळ बघून घेईल. गणिताच्या बाई वर्गात कशा, असं विचारलं म्हणजे? माझ्या गळ्याशी येईल हे.”

“उद्यापर्यंत मुलं थांबणार आहेत का?”

संचालकांनी नाइलाजानं फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, तज्ज्ञांकडून तपासून घेतो, दोन तास लागतील. बाईंनी फोन घ्यायला हात पुढे केला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. गप्प बसलं तर निदान आजचा दिवस तरी निभला असता.

“तपासत बसू नका,” त्या म्हणाल्या. “प्रश्न मी काढलाय. आकडे चुकलेत.”

केंद्र संचालक खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

वीस मिनिटांनी निरोप आला. प्रश्न रद्द, सर्वांना पूर्ण गुण. वर्गात जाऊन सांगायला बाईच गेल्या.

“पाचवा प्रश्न सोडून द्या. त्याचे गुण सगळ्यांना मिळतील.”

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. उणे चिन्ह खोडून तिनं नुसतं पाच लिहिलं होतं. “म्हणजे माझं आधीचं बरोबर होतं?”

“तुझं बरोबर होतं. चूक माझी होती.”

मग मुलगी खाली बसली आणि तिनं पान उलटलं.

महिन्याभरानं चौकशीचं पत्र आलं. नवरा म्हणाला, “मी येतो बरोबर.”

“नको. तुम्ही आलात तर मला रडू फुटेल.”

मंडळाच्या कार्यालयात एका लांब बाकावर बाई बसल्या होत्या. थोड्या वेळानं ते तपासणारे साहेब आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

“कागदावर ‘एकूण किंमत’ हे अक्षर तुमचं आहे,” ते पुटपुटले. “मी फक्त सुचवलं होतं.”

“हो. अक्षर माझंच आहे.”

आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. शिपायानं दार अर्धवट उघडून दोघांकडे पाहिलं.

“आधी कोण येतंय?”

साहेब बुटांकडे बघत राहिले. बाईंनी बाकाच्या कडेला हात टेकवला आणि त्या उठल्या.