अनुभव: आठ वर्षे

माझी बायको व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होती. तीन महिन्यांपूर्वी गेली. पोटात गाठ निघाली आणि सव्वा महिन्यात सगळं आटोपलं.

गेल्या महिन्यात केंद्राच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. ती ज्या खोलीत पेशंटचे गट घ्यायची, त्या खोलीबाहेर तिच्या नावाची पाटी लावायची होती. खाली तिच्याबद्दल चार ओळी. ऑफिसात डॉक्टर, मी आणि रजिस्टर सांभाळणाऱ्या मावशी होतो.

“भाऊजी, एका ठिकाणी अडलंय,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिचा नोकरीचा जुना अर्ज माझ्यापुढे सरकवला. “ताई इथे लागल्या त्याला पंधरा वर्षं झाली. कोर्स त्याच वर्षी संपला होता. मग इथे ‘अनुभव: आठ वर्षे’ असं कसं लिहिलंय? आधी कुठे होत्या का त्या?”

अक्षर तिचंच होतं. खाडाखोड नव्हती.

ती आठ वर्षं माझी होती. लग्न झाल्यापासून मी इथेच भरती होईपर्यंतची. माझ्या ऑफिसात फोन करून “त्यांना ताप आहे” म्हणायची. पाण्याच्या टाकीतून, गादीखालून बाटल्या काढायची. एकदा मी तिच्या बोटातली अंगठी विकून प्यायलो, तर माहेरी तिने सांगितलं, मोरीत पडली. मी सुटलो आणि ती शिकायला लागली. मी इथलाच जुना पेशंट, हे मात्र आता इथे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हाचे डॉक्टर निवृत्त झाले, मावशीही नंतरच्या.

“पण ताईंची नजर काय होती!” डॉक्टर म्हणाले. “माणूस दारातून आत यायच्या आधी सांगायच्या, हा आज घेऊन आलाय. आम्ही रक्त तपासायचो, तर तेच. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?”

ते कॉलेज मी. तोंडापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “घरून आधार होता ना ताईंना. भाऊजी, पेशंटच्या बायका रडायला लागल्या की मी तुमचंच उदाहरण देते. म्हणते, सगळे पुरुष सारखे नसतात गं. आमच्या ताईंचे मिस्टर बघ, रोज डबा आणून देतात, संध्याकाळी न्यायला येतात. देवमाणूस!”

“तुम्ही पण ना मावशी,” मी म्हणालो.

“खोटं आहे का? आमचे हे असते तर डबा सोडा, मला घरी न्यायलाही आले नसते.”

डॉक्टर हसले. मग पेन उघडून माझ्याकडे बघत राहिले. “काय लिहू? तेवीस की पंधरा?”

तेवीस म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच होता. कुठे होत्या?

“पंधराच,” मी म्हणालो. “आकड्यांत ती कच्चीच होती.”

“हे मात्र खरं!” मावशी खळखळून हसल्या. “रजिस्टरात तारीखसुद्धा मला विचारायच्या.” डॉक्टरही हसले. मीही हसलो. तिच्या केंद्रात, तिच्या अर्जासमोर बसून मी तिला खोटं पाडलं आणि हसलो. तिने माझ्यासाठी किती जणांशी खोटं बोलून मला वाचवलं, आणि मला तिच्यासाठी एक खरं वाक्य बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. फोन मावशींनी उचलला.

“पाटी रंगवायला गेलीसुद्धा, भाऊजी. पण अजून थांबवता येईल. काही राहिलं का?”

कागद समोर होता.

“नाही,” मी म्हणालो. “सहज केला.”

पाटी लागून आता पंधरवडा झाला. मावशींनी फोटो पाठवला. पंधरा वर्षांचा अनुभव, असं लिहिलंय. खाली त्यांनी विचारलंय, छान झाली ना? मी हो म्हणून कळवलं.