दुर्बिणीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि स्वभावाने जरा मानी आहे, हे आधीच सांगून टाकते. मला कोणी शोभेची वस्तू म्हटलेलं खपत नाही. आजवरच्या आयुष्यात माझ्यावर एकच आळ आला, आणि तोही धडधडीत खोटा. तरीही मी तो मुकाट्याने सोसला. का सोसला, ते ऐका.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. माझी भिंगं घासणारी बाई फार चिकाटीची होती. ती भिंग उजेडात धरायची, नाराजीने मान हलवायची आणि पुन्हा घासायला बसायची. भिंगं तिच्या मनाला आली तेव्हा कुठे ती दोन नळ्यांत बसली. मधे एक चाक आलं आणि उजव्या डोळ्याशी एक वेगळी कडी आली. या कडीकडे लक्ष ठेवा. माणसाचे दोन्ही डोळे सारखे नसतात, म्हणून प्रत्येकाने आपापल्या नजरेप्रमाणे ती फिरवून घ्यायची असते. नाहीतर समोर सगळा धूर दिसतो.

मला विकत घेतलं ते एका बस ड्रायव्हरने, आपल्या बायकोसाठी. त्या प्राथमिक शाळेत शिकवत. सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि यांना ड्रायव्हरसाहेब. बाई दरवर्षी मुलांना वर्षावनाचा धडा शिकवायच्या. पाऊस थांबला तरी झाडाखालचा पाऊस थांबत नाही, असं त्या धड्यात होतं, आणि लांब चोचीच्या एका थोरल्या पक्ष्याचं चित्र होतं.

"शिकवते मी, पण बघितलंय कुठे?" बाई म्हणायच्या.

"रिटायर झालो की जाऊ," ड्रायव्हरसाहेब म्हणायचे.

तोवर आम्ही गच्चीवरून कावळे, घारी आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघितली. शाळेच्या सहलीत मुलांनी मला उलटी धरूनही बघितलं. त्या दोघांचा माझ्यावरून एकच वाद व्हायचा. ड्रायव्हरसाहेब कडी डावीकडे फिरवायचे, बाईंना ती उजवीकडे लागायची.

"अहो, बघून झालं की कडी जागेवर आणत जा."

"जागेवर म्हणजे तुझ्या जागेवर ना?"

मग कामाचे दिवस वाढले आणि माझी रवानगी कपाटात झाली. मी जुन्या स्वेटरखाली पडून राहिले. तिथे ना उजेड ना वारा. कोणी माझं नावही काढत नव्हतं, आणि खरं सांगते, मी मनातून खचले होते. ओलीने माझ्या डाव्या भिंगात बुरशीचा एक पांढरा धागा धरला. दोघं निवृत्त झाले, वर्षावनाच्या सहलीचं नक्की झालं, तेव्हा बाईंना माझी आठवण झाली. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, साफ केलं आणि म्हणाला, "वेळेवर आणलीत म्हणून वाचली." मी पुन्हा पहिल्यासारखी झाले, हे नीट लक्षात ठेवा.

मला आणायला ड्रायव्हरसाहेब एकटेच आले होते. त्यांनी मला गळ्यात घातलं आणि घरी न जाता ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिथे जे बोलणं झालं ते त्यांच्याशिवाय फक्त मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "नजरेचा मधला भाग जातोय. चष्म्याने फरक पडणार नाही. कडेचं मात्र दिसत राहील." ड्रायव्हरसाहेबांनी माझा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाले, "घरी आत्ता सांगत नाही. सांगितलं तर ती जायचं रद्द करेल. एवढी वर्षं वाट बघितलीय तिने."

मला तोंड असतं तरी मी काय बोलणार होते? मी त्यांच्या छातीवर लटकत घरी आले.

सहलीत आम्ही मोजकीच माणसं होतो. पुढे गाईडताई चालायची. तिचा आवाज इतका हलका होता की ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प बसावंच लागे. गटात दातांचे एक डॉक्टरही होते, हातभर लांबीच्या कॅमेऱ्यासकट. गाडीत ड्रायव्हरसाहेबांनी गाडी चालवणाऱ्याच्या प्रत्येक वळणावर नाक मुरडलं. पण जंगलात शिरलो आणि त्यांचीसुद्धा बोलती बंद झाली.

मित्रांनो, लांबचं जवळ आणणं हे माझं काम. पण तिथे जवळचंच इतकं होतं की मला काही सुचेना. एका झाडाच्या बुंध्याभोवती आख्ख्या गटाने हात धरून फेर धरला, तरी हात हाताला लागेना. त्याची मुळं जमिनीवर भिंतींसारखी उभी होती, आणि त्या भिंतींच्या आडोशाला माणूस सहज लपला असता. वर बघावं तर फांदीवर झाड उगवलेलं, त्या झाडावर शेवाळ, शेवाळात पानांची वाटी, वाटीत पाणी आणि पाण्यात नखाएवढा बेडूक. तो त्याच वाटीत जन्मला आणि कदाचित जमिनीला पाय न लावताच म्हातारा होईल, असं गाईडताई म्हणाली. पाऊस थांबला होता, तरी वरून थेंब पडतच होते. बाईंनी एक थेंब तळहातावर घेतला आणि नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं त्या शिकवत आल्या ते खरं होतं.

मुळांतून चालताना ड्रायव्हरसाहेबांनी बाईंचा खांदा धरला होता. "तू पडशील म्हणून धरलंय," ते म्हणाले.

मग गाईडताईने एका फांदीकडे बोट केलं. तिथे लाल छातीचा एक चिमुकला पक्षी होता. बाईंनी बघितलं आणि मला नवऱ्याच्या हातात दिलं. त्यांनी मला डोळ्यांना लावलं, इकडेतिकडे हलवलं.

"दिसला का?"

"यात पुन्हा बुरशी आलीय. सगळं धुरकट आहे."

"स्वस्तातल्या दुर्बिणींचं असंच होतं," दातांचे डॉक्टर म्हणाले.

माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या काचा लखलखीत होत्या. आपलं खापर बिनदिक्कत माझ्या डोक्यावर! बाईंनी मला परत घेतलं, आणि मी ईर्ष्येने त्यांना त्या पक्ष्याचं पीस न पीस दाखवलं. त्यांनी मला खाली घेतलं. त्यांचं बोट सवयीने कडीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. कडी बाईंनी ठेवली होती तिथेच होती. ड्रायव्हरसाहेबांनी ती फिरवलीच नव्हती.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाईंनी हळूच नवऱ्याकडे बघितलं. ते पक्ष्याकडे नाही, पक्ष्याच्या बाजूला कुठेतरी बघत होते.

"हो, बुरशीच आहे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मलाही धुरकटच दिसलं."

खोटं बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभं करणाऱ्या बाई या! माझा राग तिथेच विरला. त्यांच्या त्या खोट्यापुढे माझा मान तो किती!

त्यानंतर बाईंनी बोलायला सुरुवात केली आणि त्या थांबल्याच नाहीत. "ते बघा, डाव्या फांदीवर. पाठ काळी, छाती लाल. शेपटी सारखी खालीवर करतोय, आपल्या शाळेतल्या शिपायाच्या मानेसारखी." गटातले लोक हसले, बाई रिटायर झाल्या तरी शाळा सुटली नाही म्हणाले. ड्रायव्हरसाहेब मात्र हसले नाहीत. ते कान देऊन ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका उंच मचाणावर चढलो. वर पोचलो तर जंगल पायाखाली होतं, आणि त्याच्यावर धुकं पसरलेलं. झाडांचे शेंडे त्यातून एकेक करून वर येत होते. समोर फळांनी लगडलेलं एक झाड होतं. नशीब असेल तर लांब चोचीचा पक्षी तिथे येईल, असं गाईडताईने सांगितलं. धड्यातल्या चित्रातला तोच पक्षी. सगळ्यांच्या नजरा त्या झाडावर खिळल्या.

बाईंनी मला पुढे केलं. "आधी तुम्ही बघा."

"तूच बघ." त्यांनी मला हलकेच परत सारलं. "अगं, बुरशी दुर्बिणीत नाहीये."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"काल तुम्ही कडी फिरवली नाहीत तेव्हापासून."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. मधलं जाणार, कडेचं राहणार. बाईंचे डोळे भरून आले. "रद्दच केलं असतं मी," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर."

बाईंनी मला छातीशी घट्ट धरलं. त्यांना बघायचं सुचत नव्हतं. इतर सगळे झाडावर डोळे लावून होते. ड्रायव्हरसाहेब तेवढे धुक्याकडे तोंड करून उभे होते, कशाकडेच न बघता. जन्मभर बस चालवताना त्यांनी असंच केलं होतं. तोंड रस्त्याकडे आणि ध्यान बाजूच्या आरशात.

"डावीकडून येतोय," ते शांतपणे म्हणाले.

सगळे वळले. आधी पंखांचा मोठा आवाज आला, आणि मग धुकं फाडून तो बाहेर पडला. केवढा थोरला होता तो! बाईंनी मला उचललं, आणि पंखांमधून येणारं ऊन, चोचीचा बाक, डोळ्याभोवतीची रेघ, सगळं मी त्यांच्यापर्यंत पोचवलं. त्या एकेक गोष्ट सांगत गेल्या, रडत आणि हसत. तो आमच्या डोक्यावरून गेला आणि धुक्यात मिटला. दातांच्या डॉक्टरांचा कॅमेरा अजून झाडाकडेच होता.

"मलाही आधी दिसला नाही," गाईडताई म्हणाली. "तुम्हाला कसा दिसला?"

"आरशात," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

कोणाला काही उमगलं नाही. बाईंना उमगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी दुर्बीण असेल तर तिला कपाटात कोंडू नका. मऊ कापडाने पुसा, कोरडी ठेवा, अधूनमधून उजेड दाखवा. आणि घरातलं कोणी काच धुरकट झाली म्हणालं, तर काच जरूर पुसा, पण मग थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा.

मी आता दाराजवळच्या खुंटीवर असते. बाई गच्चीवरून बघतात आणि सांगतात, ड्रायव्हरसाहेब ऐकतात. ते मला डोळ्यांना लावत नाहीत. पण कधीतरी जाता जाता मला खुंटीवरून काढतात, चाचपून माझी कडी डावीकडे फिरवतात आणि परत टांगून ठेवतात. मग गच्चीवरून बाईंचा आवाज येतो.

"अहो, कडी जागेवर आणत जा."

"जागेवर म्हणजे तुझ्या जागेवर ना?"