दारातली वर्दळ

गिरीजच्या वाडीत क्लेमेंटीनबाय एकटीच राहायची. नवरा वारला होता, लेकी सासरी होत्या. सकाळी दुधाला येणाऱ्या बायका, एवढीच तिच्या दारातली वर्दळ.

त्या वर्षी गाईच्या कासेला दगडी झाली; कास सुजली, दुधात गाठी येऊ लागल्या. गुरांच्या डॉक्टरांनी सडात सोडायच्या पेनिसिलिनच्या नळ्या दिल्या आणि बजावलं, “पाच दिवस सोडा. तोवर दूध कुणाला द्यायचं नाही.”

दोन दिवस दारात चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुधातल्या गाठी गेल्या, तशी तिने औषध थांबवून बायकांना हाका मारल्या. दगडी उलटली, तेव्हाही तिने तसंच केलं. तिसऱ्या खेपेला मात्र औषध लागूच पडेना.

“बाय, दोन दिवसांत लेचेपेचे जंतू मेले,” डॉक्टर म्हणाले. “चिवट होते ते उरले आणि त्यांचीच पैदास वाढली. त्यांना हे औषध आता मारत नाही. दगडी चारही सडांत पसरलीय. दूध बंद.”

“गाय जगेल ना?”

“जगेल. पण एवढी कसली घाई झाली होती तुम्हांला?”

डॉक्टरांनी पिशवी उचलली, तशी ती लगबगीने उठली.

“चहा टाकते, डॉक्टर. कोराच मिळेल, पण घटकाभर बसा.”